गावाला सगळे ठाऊक असते

गावात लपून काही राहत नाही. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या बोअरला पाणी लागले नाही, कुणाच्या उसाची तोड लांबली, कुणी सोसायटीचे कर्ज नवे-जुने करून घेतले, हे सगळे दूध संकलन केंद्रावर सकाळी आठाच्या आत कळते. डाळज, पळसदेव, भिगवण या पट्ट्यात तर अधिकच. एका अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला उजनीचा फुगवटा आणि मधे ऊस. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस नजरेखालून जातो. पण नववीत शाळा सुटलेल्या मुलीविषयी विचारा, रोज रात्री मार खाणाऱ्या पोराविषयी विचारा, फडाच्या कडेला तान्ह्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीविषयी विचारा. तेच गाव म्हणते, ‘आम्हाला काय माहीत? ज्याच्या त्याच्या घरचा मामला.’

हे खोटे आहे. गावाला सगळे ठाऊक असते. मुलांच्या बाबतीत ठाऊक नसल्याचे सोंग आपण घेतो, आणि ते सोंग आता आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की ते सोंग आहे हेही आपण विसरलो आहोत.

समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींच्या क्षेत्रकार्याच्या नोंदवह्या मी अनेक वर्षे वाचत आले आहे. इंदापूर-बारामती भागातल्या नोंदवह्याही त्यांत असतात. आठवड्यातले दोन दिवस ही मुले गावात जातात. अंगणवाडीत बसतात, शाळेत जातात, वस्त्यांवर फिरतात आणि रात्री घरी येऊन पाहिलेले लिहून काढतात. त्यांना कुणी पगार देत नाही. एसटीचे, वडापचे पैसे बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून जातात. वय वीस-बावीस. गाव त्यांचे नाही, भावकी त्यांची नाही, मतदार यादीत त्यांचे नाव नाही. आणि तरीही जे गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून सांगत नाही ते ही पोरे पहिल्या महिन्यात कागदावर आणतात. माझ्या दृष्टीने त्या वह्या म्हणजे आपल्या समाजाविरुद्धची साक्ष आहे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडून, नगरच्या पाथर्डी-शेवगावकडून माणसे येतात. मुकादमाने उचल दिलेली असते, तिच्या बदल्यात नवरा-बायकोचा जोडा म्हणजे एक कोयता. छत्रपती, कर्मयोगी, माळेगाव, सोमेश्वर, नीरा-भीमा, या सगळ्या कारखान्यांचे गाळप या कोयत्यांवर चालते. कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात आणि कोपीवर राहतात मुले. सात-आठ वर्षांची मुलगी भाकरी थापते, पाणी आणते, धाकट्याला सांभाळते. थोडी मोठी झाली की आईमागे मोळ्या बांधायला, वाढे गोळा करायला. गावाकडची शाळा सुटलेली असते, इथली शाळा सुरू झालेली नसते.

नियम काय सांगतो? सहा वर्षांखालचे मूल ज्या गावात असेल त्या गावच्या अंगणवाडीत त्याला आहार, वजन, लस मिळाली पाहिजे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेत दाखल करून घेतलेच पाहिजे, दाखला नसला तरी. यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, सरकारी निर्णय निघाले. पण एका विद्यार्थिनीच्या वहीत मी हे वाचले: कोप्यांवरून अंगणवाडी चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि अख्खा हंगाम त्या कोप्यांवरचे एकही मूल तिथे आले नाही. तिने सेविकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, आपल्या गावातल्या मुलांनाच पुरत नाही, आणि ती पोरं आली की गावातल्या आया आपली पोरं पाठवत नाहीत.

हे दुसरे वाक्य सेविकेचे नाही, आपले आहे. ज्यांनी आपला ऊस तोडायचा, ज्यांच्या घामावर आपल्या उसाचा एफआरपी दर, आपला बोनस, आपले बंगले आणि आपल्या मुलांची पुण्यातली शिकवणी, त्यांच्या लेकरांनी आपल्या लेकरांशेजारी बसून खिचडी खायची नाही! जातीच्या भिंती पाडल्या म्हणून आपण भाषणे करतो आणि त्याच भिंतीची एक विटाळलेली वीट अंगणवाडीच्या दारात आणून ठेवतो.

मला याची अधिक चीड येते ती या भागाच्या इतिहासामुळे. उजनी धरणाने या पट्ट्यातल्या गावांची गावठाणे पाण्याखाली घातली. पळसनाथाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि म्हातारी माणसे काठावर उभी राहून आपले घर कुठे होते ते नातवंडांना दाखवतात. घर उठणे म्हणजे काय, परक्या गावच्या शिवारात जाऊन वस्ती करणे म्हणजे काय, हे या माणसांना कुणी शिकवायला नको. ज्यांनी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वाट काढली त्यांच्या दारी आज दुसऱ्याचे बिऱ्हाड येते, आणि त्यांना त्यातली मुले दिसत नाहीत. धरणाने आम्हाला पाणी दिले, पाण्याने ऊस दिला. उसाबरोबर आलेली मुले मात्र आम्ही मोजलीच नाहीत.

आता कायद्याकडे या. मुलांच्या संरक्षणासाठी गावागावांत ग्राम बाल संरक्षण समिती नेमलेली असते. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, शिवाय पोलीसपाटील, शिक्षक, आशाताई. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने जिल्ह्याच्या पातळीवर बाल कल्याण समिती नेमली आहे: एक अध्यक्ष, चार सदस्य. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे न्यायचे असते. पालकांपासून तुटलेले मूल दिसूनही न कळवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर लैंगिक अत्याचाराची माहिती असून गप्प बसणाऱ्या प्रत्येकावर शिक्षेची तरतूद केली आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला ‘आम्हाला काय माहीत’ म्हणण्याची मोकळीक ठेवलेलीच नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी पहिले काम सांगते, गावात गेलात की बाल संरक्षण समितीचे इतिवृत्त मागा. बहुतेक ठिकाणी ते सापडत नाही. सापडले तर एकाच शाईत, एकाच दिवशी लिहिलेल्या चार बैठका असतात. सदस्यांपैकी कित्येकांना आपण सदस्य आहोत हे त्या पोरांकडून कळते. साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोण कोणत्या पॅनेलमध्ये आहे हे ज्या गावाला तोंडपाठ, त्या गावाला आपल्या मुलांची समिती ठाऊक नाही.

बालविवाहाची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये २१.९ टक्के अशा निघाल्या, ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. पाचातली एक. ज्या राज्याने फुले, आगरकर, कर्वे दिले त्या राज्यात पाचातली एक! हे चोरून होत नाही. लग्नाला पत्रिका छापावी लागते, मांडव लागतो, आचारी लागतो, वाजंत्री लागते, अंतरपाट धरून अक्षता टाकायला चारशे माणसे लागतात. पाटावर बसलेल्या मुलीचे वय त्या चारशेंपैकी निदान तीनशेंना ठाऊक असते. तिच्या वर्गशिक्षकांना जन्मतारखेसकट ठाऊक असते. गावोगावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २००६ च्या कायद्याने असे लग्न लावणाऱ्याला, जमवणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. आणि लग्नात ‘मान्यवरांचे शुभाशीर्वाद’ घ्यायला मंचावर कोण असते ते प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून काढावे.

माझ्या एका विद्यार्थिनीला असे लग्न ठरल्याचे कळले ते त्या मुलीच्या मैत्रिणीकडून. मुलगी नववीत. विद्यार्थिनी आधी सेविकाबाईंकडे गेली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही मार्चमध्ये जाल. मला इथंच राहायचंय.’ मुख्याध्यापक म्हणाले, बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, आपण कशाला मधे पडायचे. तिने शेवटी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकाला फोन केला. पोलीस आले, लग्न थांबले, बापाकडून अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असे लिहून घेतले.

इथपर्यंत ही चांगल्या कामाची गोष्ट आहे. पुढे काय झाले ते आपण ऐकले पाहिजे. गावाने चौकशी सुरू केली ती, फोन कुणी केला याची. मुलगी शाळेत आली का, घरात तिला कुणी मारले का, बापाला कर्जासाठी कुणी हात देऊ शकेल का, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राहावे अशी व्यवस्था असते, पण परक्या मुलीवर संशय यायला वेळ लागत नाही. महाविद्यालयात निरोप आला, असली पोरगी आमच्या गावात पाठवू नका, गावाची बदनामी होते. बदनामी! पंधरा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभी करताना जी अब्रू जागी झाली नाही ती पोलिसांची गाडी दारात दिसताच जागी झाली. काही आठवड्यांनी ती नववीतली मुलगी गावात दिसेनाशी झाली. मावशीकडे शिकायला पाठवली, असे घरचे म्हणाले. सत्र संपले, विद्यार्थिनीची वही तिथे थांबली. गाव तिथेच आहे, आणि ती मुलगी कुठे आहे हे त्या गावातल्या निदान दहा घरांना नक्की ठाऊक आहे.

ज्या १०९८ क्रमांकावर तिने फोन लावला त्याचा जन्मही समाजकार्याच्या शिक्षणातूनच झाला. मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तिची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. त्या संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी ही फोनसेवा सुरू केली. पुढे ती देशभर पसरली आणि २०२३ मध्ये सरकारने आपल्या यंत्रणेत घेतली. एका शिक्षिकेने आणि तिच्याभोवतीच्या विद्यार्थ्यांनी देशाला मुलांसाठी दहा-नऊ-आठ दिला. समाजाचे काम फक्त तो चार आकडी क्रमांक फिरवण्याचे होते.

या भीमेच्या काठी याहून जुने उदाहरण आहे. उजनीतून सुटलेले पाणी पंढरपुरास जाते. १८७५ च्या सुमारास तिथे लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते. वारीच्या गर्दीत, वाळवंटात टाकून दिलेली अर्भके त्यांनी पाहिली आणि प्रार्थना समाजाच्या मदतीने बालकाश्रम उघडला. त्याआधी बारा वर्षे, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला पुढे दत्तक घेतले. त्या काळचे लोकही तेच म्हणत होते, आम्हाला काय माहीत. विहिरीत टाकलेले मूल कुणाचे, हे आळीला ठाऊक असायचे. फुल्यांनी दार उघडले आणि आळीचे खोटे उघडे पडले, म्हणून आळीला त्यांचा राग होता.

आज आपण त्यांच्या जयंत्या करतो. सिंधुताई सपकाळांना आपण माई म्हटले, त्यांच्या भाषणांना रडलो, २०२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा पुन्हा रडलो. एका बाईने शेकडो मुलांना पदराखाली घेतले याचा अर्थ शेकडो कुटुंबांनी, भावक्यांनी, गावांनी ती मुले सोडून दिली होती. टाळ्या वाजवताना हे आपल्या मनात येत नाही.

आणि सोडून दिलेल्या मुलांकडे आपण जातो तरी कशासाठी? वाढदिवस साजरे करायला. जिल्ह्यातल्या कोणत्याही बालगृहाच्या नोंदवहीत पाहा, नेत्यांचे, उद्योजकांचे, त्यांच्या नातवंडांचे वाढदिवस. केक, वह्या, बिस्किटांचे पुडे, आणि फोटो. मुलांना रांगेत उभे करून गाणे म्हणायला लावतात, हात जोडायला लावतात. एका विद्यार्थ्याने लिहिले आहे की, त्या महिन्यात त्याच्या गटातल्या मुलांनी इतक्या जणांचे आभार मानले की एक लहानगा जेवणाच्या ताटालाही ‘धन्यवाद’ म्हणू लागला. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलांची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. तरी ते फोटो दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर येतात, आणि मुलाच्या शाळेतली इतर मुले ते पाहतात.

या बालगृहांतल्या कित्येक मुलांची आई जिवंत असते. नवरा मेलेली, टाकलेली, दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाणारी. मुलाला घरीच राहता यावे म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्याच नावाची. महिन्याला सव्वादोन हजार रुपये. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते आणि जिल्ह्याच्या समितीचा आदेश लागतो. डाळजहून पुणे शंभर किलोमीटरच्या वर. एका खेपेला त्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो. गावात मोटारी असलेली किती घरे आहेत! त्यांतल्या एकाने त्या विधवेला एकदा पुण्याला नेऊन आणले असते, तलाठ्याकडे तिच्यासाठी एक शब्द टाकला असता, तर ते मूल आईजवळ राहिले असते. ते आपण केले नाही. आपण केक नेला.

सेविकाबाईंवर सगळा दोष टाकून मोकळे होण्याचीही आपल्याला सवय आहे. पण त्यांची अंगणवाडी कुठून आली ते पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, हा त्यांचा हट्ट. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाड्या देशभर गेल्या. आज अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला सरकार पगार देत नाही, मानधन देते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, जवळजवळ दोन महिने अंगणवाड्या बंद राहिल्या. त्या काळात किती गावांनी ग्रामसभा बोलावून त्यांच्या बाजूने ठराव केला? साधारण मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ मध्ये सरकारने ठरवलेला दर दिवसाला आठ रुपये आहे. आठ रुपयांत कोणत्या घरात मूल जेवते? उसाच्या दरासाठी रास्ता रोको करून हाच महामार्ग कितीदा बंद पडला आहे. या आठ रुपयांसाठी तो एकदाही अडवलेला मी पाहिलेला नाही.

आमच्या महाविद्यालयांनाही हे लागू आहे. आम्ही विद्यार्थी पाठवतो, अहवाल तपासतो, गुण देतो आणि कपाटात वह्या बांधून ठेवतो. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी त्याच वस्तीवर जाऊन तीच कुटुंबे पुन्हा मोजतो. मागच्या वर्षी दंडघेर मोजताना साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, लाल पट्टीत सापडलेले तीव्र कुपोषित मूल जगले का, हे त्याला सांगणारे कुणी नसते. मुलांचे दुःख हे आमच्या पदवीचा कच्चा माल झाले असेल तर आमच्यात आणि वाढदिवसाच्या केकवाल्यांत फरक काय? प्रत्येक वहीतली प्रत्येक अपुरी नोंद पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी दिली गेली पाहिजे, आणि तिची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे सही घेऊन पोचली पाहिजे. आणि गावातून एखाद्या विद्यार्थिनीला काढून घ्या असा निरोप आला तर तिच्यासोबत प्राध्यापकाने स्वतः त्या गावात जाऊन बसले पाहिजे.

गावाने काय करायचे तेही अवघड नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि टोळ्या त्यानंतर येतात. त्या सभेत बाल संरक्षण समितीच्या सदस्यांची नावे मोठ्याने वाचा आणि त्यांना उभे करा. शाळेने जूनपासून न आलेल्या मुलांची यादी आणावी, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल आज कुठे आहे ते सांगणारा माणूस सभेतच सापडेल, कारण गावाला ते ठाऊक असते. कारखान्याच्या शेतकी खात्याकडून शिवारात येणाऱ्या टोळ्यांची माहिती आधी मागून घ्या, म्हणजे कोप्या पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सेविकाबाई आणि शिक्षक तिथे पोचतील. अंगणवाडीत वाढीव मुलांचा आहार येईपर्यंत पहिला आठवडा धान्य कमी पडणार आहे. ते कुणाच्या घरून यायचे, हे त्याच सभेत ठरवून घ्या.